बरं आहे

गिरणी चालू असली की उज्ज्वला खरमाटेला कशाचीच भीती वाटायची नाही. पट्टा फटफटायचा, दगड घरघरायचे, पिठाचा फुफाटा भुवयांवर बसायचा आणि त्या आवाजात या कानाचं त्या कानाला कळायचं नाही. भीती सुरू व्हायची बटण बंद केल्यावर. पट्टा थांबला, शेवटची घरघर विरली, की डाव्या मनगटातलं पांढरं कडं टुंग करायचं आणि साखरेत घोळलेल्या आवाजात विचारायचं,

“उज्ज्वलाताई, कसं वाटतंय?”

दळणाच्या रांगेतल्या सगळ्या माना वळायच्या. कुणाचा दीर, कुणाचा सासरा, शाळेतले गुरुजी, सगळे डबा पुढ्यात ठेवून ऐकायला मोकळे.

“बरं आहे,” उज्ज्वला म्हणायची.

कड्यावर हिरवा दिवा लागायचा. “धन्यवाद.”

आणि त्याच क्षणी खाली, मांड्यांच्या मधोमध, कुणीतरी तापवलेली सळई हळूच फिरवावी तशी कळ निघायची.

खाली म्हणजे कुठं, ते एकदा स्पष्टच सांगायला पाहिजे. आपल्याकडं बाईच्या शरीरात कमरेपासून गुडघ्यापर्यंत धुकं असतं. डॉक्टर ‘तो भाग’ म्हणतात, बाया ‘खाली’ म्हणतात, आणि पुरुष मात्र शिवी देताना अगदी अचूक नाव घेतात. तर तिथं, ओटीपोटाच्या तळाशी, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाची पिशवी, गुदाशय हे सगळं त्या झोळीनं पेललेलं असतं. बाळंतपणात ती ताणली जाते, कधी फाटते. सांधायला तिला विसावा लागतो. उज्ज्वलाला दुसऱ्या खेपेला पोरगी झाली तेव्हा सासरा अंथरुणाला खिळला होता आणि गिरणीला माणूस नव्हतं. ओली बाळंतीण कंबर बांधून गव्हाचे डबे उचलून वरच्या पेटीत ओतायला लागली. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पोरगी मोठी होऊन लग्नाला आली तोवर उज्ज्वलाचं अंग बाहेर यायला लागलं होतं. न्हाणीत जायचं, बोटांनी आत सारायचं, पुन्हा येऊन डबा उचलायचा. शिंक आली की लुगडं ओलं. असं तिनं वर्षानुवर्षं काढलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. याचंही पुढं कौतुकच झालं.

शेवटी तालुक्याच्या नवांगी स्त्री रुग्णालयात तिचं ऑपरेशन झालं, आणि त्या झोळीखाली जाळी बसली.

पूर्वी असं ऑपरेशन झालं की हॉस्पिटलातली पोरगी कागद घेऊन यायची. लघवी आवरते का? बसताना दुखतं का? नवऱ्याजवळ जाताना त्रास होतो का? एक ते पाचमधे खूण करा. शेजारी नवरा बसलेला, पलीकडं सासू. बाई काय खूण करणार? सगळीकडं पाच. पुढं विमा कंपन्यांनी नियम केला, की समाधानी बाई दाखवा आणि मग पैसे न्या. तेव्हा हे कागद किती बोगस आहेत ते त्यांच्या ध्यानात आलं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की बाईला विचारूच नका, तिच्या शरीराला विचारा.

जाळी केसाहून बारीक धाग्यांची असते, तळहाताएवढी. तिचा धागान्‌धागा ताण मोजतो, दाब मोजतो, स्नायूंतली आणि नसांतली वीज मोजतो आणि मनगटातल्या कड्याला कळवतो. कडं त्याचा शंभरपैकी एक आकडा काढतं. तो आकडा हॉस्पिटलला दिसतो, विमा कंपनीला दिसतो आणि ‘काळजीवाहू नातेवाईक’ म्हणून नवऱ्याच्या मोबाईलवरही दिसतो. एवढ्यावर थांबतं तरी चाललं असतं. पण हे धागे आखडू शकतात, सैल होऊ शकतात, नसेला बारीकसा झटका देऊ शकतात. शरीर समाधानी दिसलं नाही तर जाळी स्वतःच ताण बदलत बदलत त्याला समाधानापाशी नेऊन सोडते. डॉक्टर नको, औषध नको.

अडचण एकच होती. समाधान दिसतं कसं? नसेतल्या विजेवर तसं काही लिहिलेलं नसतं. ते मशीनला शिकवावं लागतं. म्हणून कडं अधूनमधून विचारतं, कसं वाटतंय. बाई जे उत्तर देईल ते, आणि त्या क्षणी तिच्या अंगात जे चाललेलं असेल ते, अशी जोडी ते लावून ठेवतं. हजारो बायकांच्या जोड्या जमल्या की मशीन शहाणं होतं. आणि उत्तर आलंच नाही तर? तर थोडं थांबून ‘बरं आहे’ असं धरायचं. परदेशात ज्या बायकांवर पहिला प्रयोग झाला त्या जरा दुखलं की भांडायला उठायच्या, आणि बऱ्या असल्या की उत्तर द्यायचा कंटाळा करायच्या. त्यावरून ठरलं, गप्प बाई ती बरी बाई.

हे ठरवणाऱ्यांपैकी एकानंही आपल्याकडची सून पाहिलेली नव्हती.

उज्ज्वलाचा आकडा शहाण्णव झाला, तेव्हा नवांगीनं तिचा सत्कार केला. साडी, नारळ, फेटे बांधलेले चार पाहुणे. निवेदकानं माईक तिच्या तोंडापुढं धरला. “ताई, कसं वाटतंय?”

तिला तेव्हा धड उभंही राहवत नव्हतं. “बरं आहे,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या. तिचा हसरा फोटो हॉस्पिटलच्या दारात लागला, खाली लिहिलं, समाधान ९६.

नवरा प्रल्हाद गावातलं दूध संकलन केंद्र चालवायचा. सकाळ-संध्याकाळ म्हशीवाले किटल्या घेऊन यायचे, हा नळीभर दूध फॅटच्या मशीनला लावायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. लोक भांडायचे. हा म्हणायचा, “माझ्या तोंडाकडं बघू नका, मशीनकडं बघा. त्याला ना कुणी सोयरा, ना कुणी वैरी.” माणूस वाईट नव्हता. हात उचलणारा नव्हता, पिणारा नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

“आज नको,” एकदा रात्री उज्ज्वला म्हणाली.

“का गं?”

“दुखतंय.”

त्यानं उशालगतचा मोबाईल उचलला. “चौऱ्याण्णव दाखवतंय की.”

“दाखवू दे.”

“उज्जे, मी काय जबरदस्ती करणारा माणूस हाय का? पण ऑपरेशनला सहा महिने झाले. तू म्हणतीस दुखतंय, मशीन म्हणतंय बरं हाय. मी कुणाचं ऐकायचं?” आवाजात राग नव्हता. दुखावलेपण होतं. “मी नको झालोय, असं सांग सरळ.”

ती भिंतीकडं वळली होती, ती परत वळली. पदराचा बोळा दातात धरला.

सकाळी तो चहा पिता पिता हसला आणि मोबाईल तिच्यापुढं धरला. “बघ. सत्त्याण्णव.”

उज्ज्वला नुकतीच न्हाणीतून भिंत धरत धरत आली होती. सत्त्याण्णव हा आकडा तिच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला.

नंतर ती तापानं फणफणली आणि दोन दिवस आडवी पडून राहिली. डबे उचलणं नाही, उभं राहणं नाही. कळ उतरत गेली. किती तरी दिवसांनी तिला कुशीवर झोपता आलं. आणि आकडा घसरायला लागला. नव्वद, ब्याऐंशी, एकोणऐंशी. कड्यावर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, ती उशीला टेकून भाकरी खात असताना, तिला आतून जाणवलं. कुणीतरी पिशवीची नाडी ओढावी तसं. हळूहळू, अदबीनं. कळ पुन्हा आली, होती त्याहून वर चढली, आणि पिवळा दिवा जाऊन हिरवा लागला.

तिच्या हातातला घास ताटात पडला.

ती प्रल्हादला सांगणार होती, पण दुसऱ्या दिवशी तोच तणतणत घरी आला.

“शेजारच्या केंद्रावर राडा झालाय नुसता! चांगलं म्हशीचं दूध नापास, आणि पाणी घातलेलं पास. का, तर म्हणे मशीन बिघडलं. मशीन कशाला बिघडतंय? ते सेट करताना आधी नमुन्याचं दूध दाखवावं लागतं. याला एवढं फॅट म्हणतात, हे ध्यानात ठेव, असं. त्या येड्यांनी नमुना म्हणून पाणी घातलेलंच दूध लावलं आणि सांगितलं, हेच चांगलं! मग ते बिचारं तेच चांगलं समजणार की.”

उज्ज्वला तव्यापाशी उभी होती. भाकरीचा पापुद्रा करपायला लागला तरी तिचा हात हलला नाही.

“मग ते सुधारायचं कसं?” तिनं विचारलं.

“नमुना बदलायचा. खरा नमुना दाखवायचा. दुसरं काय?”

तिला एकेक ‘बरं आहे’ आठवायला लागलं. गिरणी बंद केल्यावर, अंगात सळई फिरत असताना, दहा माणसांपुढं म्हटलेलं. बारशाला, हळदीकुंकवाला, दूध केंद्राच्या दारात म्हटलेलं. माईकवर म्हटलेलं. कड्यानं प्रत्येक वेळी तिच्या आत डोकावून पाहिलं होतं आणि शहाण्या पोरासारखं लिहून घेतलं होतं, समाधान म्हणतात ते असं असतं. आणि आता ते तिला जीव लावून, न थकता, तिथंच नेत होतं.

गिरणीचा एक रिवाज होता, तो या गावच्या पुरुषांना कधी कळला नाही. बायांना जे कुठंच बोलता येत नाही ते त्या गिरणी चालू असताना बोलायच्या. पेटीजवळ डोक्याला डोकं लावून उभं राहायचं, दळण बारीक की जाड ते सांगायला आल्यासारखं, आणि कानात सांगून टाकायचं. कुणाला पाळी चुकल्याची भीती, कुणाला दिराची. आवाज इतका की दोन हातांवरच्या माणसाला कळू नये. कड्यालाही नाही. बटण बंद झालं की सगळ्याजणी पुन्हा सोज्वळ.

समृद्धी पवार ही त्यांतलीच एक. पंचविशीची, पहिलं बाळंतपण होऊन काहीच महिने झालेले. नवांगीत ‘आत्ताच बसवून घ्या, पुढची कटकट नको’ म्हणून तिला बाळंतपणातच जाळी घातलेली. बरोबर कायम सासू. बेबीनंदा पवार, अख्ख्या आळीच्या बेबीकाकू. काकू बाकावर कधी बसायच्या नाहीत. दाराच्या चौकटीला पाठ टेकून, पदर मनगटापर्यंत ओढून, उभ्या उभ्या सगळ्यांच्या सुना तपासायच्या.

उज्ज्वलानं ज्वारी ओतता ओतता समृद्धीच्या कानाला तोंड लावलं. “दुखलं की आकडा वाढतो का गं तुझा?”

पोरीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं काही तिला कुणी नागवं केलं. मग तिच्या पिठाळ गालांवरून दोन ओघळ आले. तिनं मान हलवली. हो.

“काय खुसुखुसू चाललंय?” दारातून काकू ओरडल्या.

“जाडसर दळायचं का विचारतीय!” उज्ज्वला ओरडली.

नवांगीतल्या डॉक्टर ईशानी बेंद्रेंनी उज्ज्वलाचं सगळं ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, टेबलपंखा आणून बरोबर दोघींच्या मधे ठेवला आणि पूर्ण जोरात लावला. कागद उडायला लागले. उज्ज्वलाला क्षणभर गिरणीतच बसल्यासारखं वाटलं. इथंही कड्याला ऐकू जायला नको होतं.

“मला माहीत आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“काय माहीत आहे?”

“तुम्ही सांगितलं ते. वरच्यांना कळवलंय मी. ते म्हणाले, डॉक्टर, ऐंशी हजार बायका एक सांगतात आणि तुम्ही एकट्या दुसरं.”

“ऐंशी हजार बायका काय सांगतात?”

डॉक्टर कसनुसं हसल्या. “बरं आहे.”

“अहो, मग काढा की माझी जाळी!”

“चाळीसच्या खाली आकडा आला तरच मंजुरी मिळते. तुमचा पंच्याण्णव आहे. दारात फोटो आहे तुमचा. बरी झालेली बाई मी कापली तर मलाच घरी बसवतील.” पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचे केस तोंडावर येत होते, त्या ते सारत नव्हत्या. “तुमचं कडं तुमचं ऐकतं. खरं बोला. दर वेळी, मोठ्यानं. ते पुन्हा शिकेल.”

म्हणजे खरा नमुना. उज्ज्वलानं त्याच दिवशी सुरुवात केली.

गिरणी बंद. टुंग. “उज्ज्वलाताई, कसं वाटतंय?”

“दुखतंय. खाली आग होतीय. बसता येत नाही. लघवी करताना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.”

कड्यावर लाल दिवा लागला. गावानं तो रंग पहिल्यांदा पाहिला. गुरुजींनी आपला डबा उचलला आणि उगाच त्याचं झाकण तपासायला लागले.

“अगं भवाने, पुरुषमाणसं हायत इथं!” बेबीकाकू.

“मग काय झालं? तीही तिथूनच आलीत की, काकू.”

त्यानंतर तिनं जागा पाहिली नाही की माणूस पाहिलं नाही. एसटीत सांगितलं, बारशात पाळण्यापाशी सांगितलं, पतसंस्थेच्या सभेत हळदीच्या दरावर चर्चा चालू असताना सांगितलं. लोक तिच्यापासून लांब बसायला लागले. गिऱ्हाईक तुटलं. प्रल्हादच्या मोबाईलवर निरोप आला: आपल्या रुग्णाची उत्तरे विसंगत आहेत. कृपया त्यांच्या मनःस्थितीकडे लक्ष द्यावे.

“गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस,” प्रल्हाद म्हणाला.

“तुमचं तोंड दुखत नाही. मला जिथं दुखतंय तिथलं मी बोलतीय.”

“येडी झालीय म्हणतात तुला.”

“नमुना बदलतीय,” उज्ज्वला म्हणाली. “तुम्हीच सांगितलं होतं. पाणी घातलेल्या दुधाला मीच चांगलं म्हणत होते.”

तो मशीनचा माणूस होता. त्याच्या डोक्यात काहीतरी उलगडत गेलेलं तिला त्याच्या तोंडावर दिसलं. त्यानं विचारलं, “त्या दिवशी... सत्त्याण्णव झालं होतं. तेव्हा?”

“आजवर एवढं कधी दुखलं नव्हतं.”

प्रल्हादनं मोबाईल पालथा ठेवला. मग अंथरूण गुंडाळून तो दूध केंद्रावर झोपायला गेला. माफी त्यानं मागितली नाही, आणि तिनंही मागायला लावली नाही. पण त्यानंतर किटल्या घेऊन आलेल्यांना ‘मशीनकडं बघा’ असं तो कधी म्हणाला नाही.

आकडा उतरत गेला. साठ, बावन्न, सदतीस. कळही थोडी उतरली. जाळी आता तिला कुठं न्यावं या संभ्रमात पडल्यासारखी आखडायची आणि सोडायची. नवांगीतून मोबाईलवर बोलावणं आलं. सोमवारी ऑपरेशन. ही संधी हुकली तर मंजुरी रद्द.

डॉक्टरांनी पुन्हा पंखा मधे ठेवला.

“एक सांगायचं राहिलं. जाळी काढली की तुमची सगळी उत्तरं पुसली जातात. वेगळं बोलणारी बाई गणितातून गेली की बाकीच्यांचं गणित आणखी चोख जुळतं.”

“म्हणजे माझ्यामुळं मशीन अजूनच पक्कं होणार?”

“हो. आणि पुढच्या महिन्यापासून कडं विचारणार नाही. शिकणं पुरं झालं, असं वरून आलंय. मग प्रत्येक बाळंतिणीला जाळी, फुकट. ती स्वतःच बघेल, स्वतःच ताणेल. बाईला बोलायची वेळच येणार नाही.”

उज्ज्वलाच्या लेकाची बायको पाचव्या महिन्यात होती.

“आणि मी ठेवली तर?”

“एकटीला ते चूक धरतं. एकाच गावातल्या आठ-दहाजणी सारखंच बोलल्या तर चूक धरता येत नाही. सगळीकडचं काम थांबवून तपासावं लागतं, तसा नियमच आहे.” डॉक्टरांनी तिच्याकडं बघणं टाळलं. “पण तुम्ही राहू नका, उज्ज्वलाताई. मी तुमच्या जागी असते तर राहिले नसते.”

शनिवारी गिरणीला गर्दी असते. जाळीवाल्या बारा तरी असतील रांगेत. उज्ज्वलानं मुद्दाम एकामागून एक दळणं घेतली, मधे बटण बंदच केलं नाही. जी पेटीपाशी येईल तिच्या कानात तेच सांगितलं. सगळं सांगितलं. नमुना, नाडी, पुढचा महिना. “आज सगळ्याजणी मिळून बोलायचं. नुसतं दुखतंय म्हणायचं. एवढंच.” सुताराच्या जनाबाईनं तिचा हात घट्ट दाबला. गोसाव्याच्या थोरल्या सुनेनं, “मेलं कोण भितंय आता!” असं कानात ओरडून सांगितलं. समृद्धीनं मान हलवली. दोनदा हलवली.

एवढा वेळ कड्यांना काही ऐकू गेलेलं नव्हतं. शांतता झाली की सगळी विचारणार, हे ठरलेलं.

उज्ज्वलानं बटण बंद केलं.

पट्टा थांबला. पीठ खाली बसत गेलं. रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेल्याचा आवाज आला, तोही गेला.

टुंग. “उज्ज्वलाताई, कसं वाटतंय?”

“दुखतंय.”

लाल.

टुंग. “जनाताई, कसं वाटतंय?”

“बरं आहे,” जनाबाई म्हणाली, आणि जीभ चावली. तोंडातून निघून गेलं होतं. सवयच ती. हिरवा. ती कड्याकडं बघत म्हणाली, “तसं न्हवं... अवो, तसं न्हवं...”

“धन्यवाद.”

टुंग. गोसाव्याची थोरली. तिचा सासरा तेवढ्यात डबा न्यायला दारात आला होता. “बरं आहे.”

टुंग. टुंग. बरं आहे. बरं आहे जी. रांगेतून एकेक हिरवा दिवा लागत उजेड पेटीकडं सरकत आला.

“समृद्धीताई, कसं वाटतंय?”

पोरीनं उज्ज्वलाकडं पाहिलं. मग दाराकडं. बेबीकाकू चौकटीला टेकून तिच्याकडं एकटक बघत होत्या.

“बरं आहे,” ती म्हणाली. हिरवा. आणि पाठोपाठ तिचा हात ओटीपोटावर गेला आणि ती कमरेत वाकली.

उज्ज्वलाला वाटलं, संपलं.

टुंग.

हा आवाज रांगेतून आला नव्हता. सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

“बेबीनंदाताई, कसं वाटतंय?”

काकूंच्या मनगटावर ओढलेल्या पदराच्या आतून तो साखरेचा आवाज आला होता. त्या बाकावर का बसत नाहीत, हे आळीला त्या एका क्षणात कळलं; एरवी बटण बंद व्हायच्या आत त्या दाराबाहेर सरकायच्या, आज सुनेवर नजर ठेवून तिथंच थांबल्या होत्या. समृद्धी वाकलेली तशीच वर बघायला लागली.

काकूंनी तोंड उघडलं. आयुष्यभर जे दोन शब्द त्यांनी सुनेकडून, लेकींकडून वदवून घेतले, ते जिभेवर आले असणारच. पण त्यांची नजर वाकलेल्या सुनेवर होती, आणि शब्द निघेनात. ओठ हलत होते. सांगा काकू, उज्ज्वला मनात म्हणत होती, निदान तुम्ही तरी सांगा.

कडं थांबलं. त्याला जेवढं थांबायला शिकवलं होतं तेवढं थांबलं.

मग पदराच्या आत हिरवा उजेड पडला.

“धन्यवाद.”

काकू पदर बाजूला करून त्या दिव्याकडं बघत राहिल्या. “मी कुठं म्हटलं?” त्या पुटपुटल्या. मग मोठ्यानं, रांगेकडं वळून, जणू कुणी चोरीचा आळ घेतलाय, “मी कुठं म्हटलं बरं हाय म्हणून? मी काय बोललेच नाही की!”

कड्यानं ते घेतलं नाही. त्याचं विचारून झालं होतं.

उज्ज्वलानं पिठाचे हात पदराला पुसले, मोबाईल काढला आणि सोमवारच्या तारखेसमोर ‘नको’ दाबलं. खाली जाळी आखडत होती. तिनं काकूंचा हात धरून त्यांना बाकापाशी आणलं. काकू बसल्या नाहीत, तेव्हा तीही त्यांच्या शेजारी उभीच राहिली.

“पुन्हा विचारील ते,” ती म्हणाली.

“गिरणी लाव की आता,” मागून कुणाचा तरी दीर म्हणाला. “कालवण निवतंय घरात.”

उज्ज्वलानं बटणाला हात लावला नाही.